कपाळाची हळद

माले गावची लाईट त्या संध्याकाळी गेली नसती, तर वाल्मीकचं लग्न दुसऱ्याच कुणाशी तरी झालं असतं. तो अजूनही असं म्हणतो. त्यावर हेमलता अजूनही म्हणते, "मग त्या वायरमनला एकदा आहेर करू या की."

वैशाख सरत आला होता. वाल्मीकच्या चुलत बहिणीचं, वैष्णवीचं लग्न गोरज मुहूर्तावर होतं आणि नवरीला सजवायला पिरंगुटहून पार्लरवाली आली होती. धरणाकाठच्या गावांत वळवाचा वारा सुटला की आधी लाईट जाते, पाऊस यायचा की नाही ते मागाहून ठरवतो. तशी ती गेली. आतल्या खोलीत काळोख झाला तेव्हा वैष्णवीचा एक डोळा लायनर लावून टपोरा झाला होता आणि दुसरा अजून रोजचाच होता. बाहेर वऱ्हाड येऊन थांबलेलं. वाल्मीक मांडवात चटया पसरत होता. धोंडाआत्यानं, म्हणजे त्याच्या वडिलांच्या थोरल्या बहिणीनं, त्याच्या हातात बॅटरी कोंबली आणि त्याला आत ढकललं.

"वर धरा," पार्लरवाली म्हणाली. "माझ्या डोळ्यात न्हाई, नवरीच्या."

"धरलीय की."

"हात हलवू नका."

"मी कुटं हलवतोय? बॅटरीच हलतीय."

"मग बॅटरीला सांगा."

वैष्णवीला हसू फुटलं. "हसू नगं गं, लायनर पसरंल," असं म्हणत पार्लरवालीनं तिची हनुवटी दोन बोटांत धरली आणि वाल्मीकला पहिल्यांदा ते हात दिसले. सगळी खोली अंधारात आणि मधोमध उजेडाच्या गोलात फक्त ते हात. बोटं लांब नव्हती, गोरी तर नव्हतीच. पण नवरीच्या पापणीवर ती अशी टेकायची की जणू झोपलेल्या लेकराला उठू द्यायचं नाही. वाल्मीक कंपनीत फिटर होता. चांगला हात त्याला कळायचा.

शेवटची टिकली लागली आणि लाईट आली. वाल्मीकच्या मनात आलं, अजून जरा थांबली असती तर काय बिघडत होतं.

"बरी धरलीत हो बॅटरी," ती पेटी आवरत म्हणाली. "पुन्हा कुटं लग्न असलं तर बोलवू का?"

"लग्न कुनाचं हाय त्यावर हाय," वाल्मीक म्हणाला, आणि आपण हे बोललो कसं या विचारानं त्याचे कान तापले. जाताना तिनं एकदा वळून पाहिलं... एकदाच, पण पाहिलं.

तिचं नाव हेमलता. आजीचं नाव ठेवलेलं, म्हणून जरा जुनं. ती भरे गावची, आणि पिरंगुटच्या चौकामागच्या गल्लीत एका पिठाच्या गिरणीवर तिचा गाळा होता. आता तिथं तीन मजली इमारत झाली, खाली मोबाईलचं दुकान आलं. पण त्या पावसाळ्यात तिथं गिरणी होती, लाकडी जिना होता आणि वर काचेच्या दारावर ठसठशीत लिहिलेलं, ‘पुरुषांना प्रवेश नाही’. त्यामुळे कंपनी सुटली की वाल्मीक खाली गिरणीच्या दारात उभा राहायचा. बाहेर पाऊस मुसळधार, आत जातं घरघरतंय आणि तो दोहोंच्या मध्ये. घरी पोचेपर्यंत त्याच्या डोक्यावर पिठाची लापशी व्हायची. आई विचारायची, कंपनीत आता पिठाचंही काम असतं का?

"आलात का बॅटरीवाले?" वरच्या खिडकीतून आवाज यायचा.

"आलो."

"आज काय आणलं?"

कधी भारंगीची भाजी, कधी कुर्डू, कधी रानातली कंदफुलं. एकदा त्यानं ओढ्यातले खेकडे आणले. पिशवीची गाठ सैल होती. त्यातला एक जिना चढून वर गेला की काय कोण जाणे, पण तोंडाला मुलतानी माती फासलेली एक बाई किंचाळत खाली आली आणि गिरणीवाल्यानं रामनाम घेतलं. हेमलता त्या दिवशी इतकी हसली की तिला पायरीवर बसावं लागलं. वाल्मीक तिच्याकडे बघत राहिला. पावसाचे थेंब तिच्या केसांवर होते आणि ते पुसायला हात पुढे करावा असं त्याला फार वाटलं. पण तेव्हा ती ओळख नुसती ‘आलात का, काय आणलं’ एवढीच होती.

अशाच एका संध्याकाळी, जिन्याखाली भाजकं कणीस खाताना, तिनं आपल्या मैत्रिणीची गोष्ट सांगितली. पार्लरच्या क्लासला दोघी बरोबर होत्या. त्या मैत्रिणीच्या बोटांना नायटा झाला. कुणा गिऱ्हाइकाकडून लागला की घरातून, कुणास ठाऊक. एका बाईनं तो पाहिला, आणि चार दिवसांत गावभर झालं. लगीनसराईच्या तोंडावर तिचं शटर खाली आलं ते कायमचं.

"आमच्या धंद्यात तोंड वाकडं असलं तरी चालतं," हेमलता आपल्या तळहाताकडं बघत म्हणाली. "हात चांगलं पायजेत. हात गेलं की सगळं गेलं."

"तुझं कशाला जातील," वाल्मीक म्हणाला. त्या दिवशी तो पहिल्यांदा ‘तुझं’ म्हणाला होता. तिनंही ते ऐकलं आणि कणीस पुढं केलं.

श्रावण संपायच्या आत धोंडाआत्या भऱ्याला जाऊन बोलणी करून आली. दोन्हीकडं माणसं बरी, पत्रिका जुळली, देण्याघेण्याची कटकट नाही. दसऱ्याच्या सुमारास साखरपुडा ठरला आणि मार्गशीर्षात लग्न. एवढं सगळं सरळ चाललंय म्हटल्यावर कुठंतरी माशी शिंकणारच.

मुळशीच्या पावसात रेनकोट म्हणजे मनाचं समाधान. माल्याहून पिरंगुटला गाडीवर येईपर्यंत वाल्मीकची जीन्स पार भिजायची आणि दिवसभर मशीनपुढं अंगावरच वाळायची. भाद्रपदात कमरपट्ट्याखाली एक लाल कडं उमटलं. बांगडीएवढं. खाज अशी की माणसानं नाव विसरावं. बरोबरीच्या कैलासनं जेवणाच्या सुट्टीत त्याला खाजवताना पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी खिशातून एक ट्यूब काढली.

"लाव. मला पन झालं होतं. तीन दिवसांत गायब."

तीन दिवसांत खरंच गायब झालं. पुढच्या आठवड्यात ते परत आलं, ते थोरल्या भावाला घेऊन. वाल्मीकनं पुन्हा ट्यूब लावली. पुन्हा गेलं, पुन्हा आलं. अशा लपंडावात ते कमरेवरून बगलेत गेलं, बगलेतून कोपराच्या लवणीत उतरलं. साखरपुड्याच्या दिवशी अंगरख्याच्या लांब बाह्यांआड सगळं झाकलेलं होतं. पण अंगठी घालताना त्याच्या डोळ्यांपुढं त्या मैत्रिणीचं शटर आलं. त्यानं हेमलताचा हात हातात घेतलाच नाही. लांबून, बोटांच्या टोकांनी अंगठी सरकवली आणि हात झटकन मागं घेतला. लोकांना वाटलं, पोरगा लाजाळू आहे.

त्यानंतर तो तिच्यापासून लांब राहू लागला. गाडीवर ती मागं बसायची तेव्हा खांद्यावर हात ठेवायची. आता त्यानं पाठीवर सॅक घालायला सुरुवात केली. आधी ती सॅक पुढं टाकीवर असायची. तिनं दिलेला रुमाल त्यानं घेतला नाही. तिचा चहाचा घोट तो घेईना, त्याचा तिला देईना. रात्री मात्र तिचा आवाज ऐकल्याशिवाय झोप यायची नाही. जवळ जावं तर भीती, लांब राहावं तर जीव जातो, अशी त्याची गत झाली. तिच्या हातांवर त्याचा जीव होता आणि नेमके तेच हात त्याला धरता येत नव्हते.

दिवाळीनंतर लवासाला फोटो काढायला गेले. हल्ली लग्नाआधी असे फोटो काढले नाहीत तर लग्न लागत नाही अशी समजूत आहे. तळ्याकाठी रंगीत इमारती, निम्म्यांच्या खिडक्या कायमच्या बंद, आणि प्रत्येक पायरीवर एकेक जोडपं. राजू फोटोग्राफर पौडचा, तोंडाचा फटकळ.

"दादा, वहिनींचा हात धरा."

"असंच काढ की."

"असंच कसं? रेशनकार्डाचा फोटो हाय का?"

वाल्मीकनं तिच्या ओढणीचं टोक धरलं. राजू म्हणाला, "जरा जवळ या. अजून. दादा, त्या वहिनी हायेत, विजेचा खांब न्हाई." हेमलता आधी हसली. मग तिचं हसू कमी होत गेलं. शेवटी ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या राजूभाऊ. नुसत्या तळ्याचा काढा." आणि ती पायऱ्या चढून गाडीपाशी गेली.

वाल्मीक मागोमाग गेला. वारा गार होता. तिनं हाताची घडी घातली होती, हात बगलेत दडवून.

"मी पसंत न्हाई का तुमाला?" तिनं विचारलं.

"तसं न्हाई गं."

"मग कसं?"

"सांगतो... नंतर सांगतो."

"घरच्यांनी बळंच करायला लावलंय का? आत्ता सांगितलं तरी चालंल. पत्रिका छापायच्या हायेत अजून."

"न्हाई, हेमा. तुझी शपथ."

"माझी नका घालू," ती म्हणाली आणि गाडीवर मागं बसली. खांद्यावर नाही, सॅकलाही नाही, तिनं सबंध घाटात मागच्या कॅरिअरला धरलं होतं.

दुसऱ्या दिवशी वाल्मीक सुट्टी टाकून कोथरूडला गेला, ओळखीचं कुणी भेटणार नाही अशा ठिकाणी. डॉक्टरीणबाईंनी चष्मा वर करून त्याची कंबर पाहिली, कोपर पाहिलं आणि मग ट्यूब उलटसुलट करून पाहिली.

"ही कुणी दिली?"

"मित्रानं."

"मित्र डॉक्टर आहे?"

"फिटर आहे."

बाईंना हसू आलं, पण त्यांनी ट्यूब टोपलीत टाकली. "हे गजकर्ण आहे, तुम्ही नायटा म्हणता ते. या ट्यूबनं ते वरून दबतं आणि खालून पसरतं. आता मी देते ती गोळी आणि मलम. आधी जरा वाढल्यासारखं वाटेल, मग हळूहळू उतरेल. दोनेक महिने तरी लागतील. दिसेनासं झालं म्हणून सोडायचं नाही. कपडे गरम पाण्यात, टॉवेल वेगळा."

"दुसऱ्याला लागतं का?"

"लागतं. अंगाला अंग, कपड्याला कपडा. लग्न झालंय?"

"ठरलंय. पुढच्या महिन्यात."

"मग तिला सांगा. यात लाजण्यासारखं काही नाही हो, पावसाळ्यात निम्म्या पुण्याला असतं."

निम्म्या पुण्याला असेल, पण निम्मं पुणं हेमलताशी लग्न करत नव्हतं. शाळेत एका पोराला नायटा झाला होता, त्याला दहावीपर्यंत सगळे नायट्याच म्हणत. आता बाप झाला तो, तरी अजून कुणाला त्याचं खरं नाव आठवत नाही. वाल्मीकनं बऱ्याचदा फोन हातात घेतला. ‘हेमा, एक सांगायचंय’ इतकं म्हणायचा आणि मग "उद्या पाऊस नसंल बहुतेक" असलं काहीतरी बोलून जायचा, तेही मार्गशीर्षात.

बोलता बोलता हळदीचा दिवस आला.

लग्न भऱ्याला होतं, दुसऱ्या दिवशी. माल्याच्या घरापुढं मांडव पडला, पाट मांडला. आपल्याकडची रीत ठाऊकच आहे, आधी नवरदेवाला हळद लागते, त्याच्या अंगाची उरलेली ती उष्टी हळद, आणि ती नवरीकडं गेल्याशिवाय नवरीला हळद लागत नाही. आजवर वाल्मीकनं हे शेकडो वेळा पाहिलं होतं. पण पाटावर बसायच्या आदल्या दिवशी त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आपल्या कोपराची, मानेची हळद उद्या ताटातून भऱ्याला जाणार. आणि हेमा ती हातांना चोळून घेणार.

"हळदीनं जंतू मरत्यात की," कैलास म्हणाला.

"तुझ्या ट्यूबनं पन मरनार होतं."

कैलास चटया उचलायला निघून गेला.

मग वाल्मीकनं एक उद्योग केला. कालवलेल्या हळदीतली वाटीभर सकाळीच बाजूला काढली आणि कणगीमागं झाकून ठेवली. पाटावर बायकांनी त्याला आंब्याच्या पानांनी हळद लावली, मग पानं टाकून हातांनी माखला. गुडघे, कोपरं, मान. त्यानं अंगात बाह्यांची बंडी ठेवण्याचा हट्ट धरला, पण धोंडाआत्यापुढं कुणाची बंडी टिकते? विधी झाल्यावर आत्यानं त्याच्या अंगावरची, ताटातली हळद निपटून वाटीत भरली. आत्या चपला शोधायला वळली, तेवढ्यात त्यानं वाटी बदलली. हिरवा चुडा, हिरवी साडी आणि ती वाटी घेऊन आत्याची जीप भऱ्याला निघाली. वाल्मीक गोठ्यात जाऊन गव्हाणीवर बसला. आपण रीत मोडली याचं त्याला वाईट वाटत होतं. पण तिचे हात वाचले होते.

फोन आला तेव्हा ऊन कलत होतं.

"बॅटरीवाले," हेमलता म्हणाली. तिच्या मागं बायकांची गाणी चालली होती. "ही हळद तुमच्या अंगाची न्हाई."

वाल्मीकनं गव्हाणीतली एक काडी उचलली आणि मोडली.

"किती नवऱ्या सजवल्यात मी आजवर? उष्टी हळद मला ठाऊक न्हाई व्हय? तिच्यात तेल असतं, आंब्याच्या पानाचा तुकडा असतो, चार बोटं फिरलेली असत्यात. ही तर विरजलेल्या दह्यावानी अख्खी हाय. हिला कुणी बोट पन लावलं न्हाई." पुढचे शब्द तिनं फार हळू उच्चारले. "तुमी मला लवासाला शिवला न्हाईत. अंगठी घालताना शिवला न्हाईत. मी म्हनलं, जाऊ दे, लाजत असतील. आता हळद पन तुमच्या अंगाची न्हाई. मला एवढंच सांगा... उद्या यायचं हाय का न्हाई तुमाला?"

गोठ्यातल्या म्हशीनं मान वळवून त्याच्याकडं पाहिलं. वाल्मीकला वाटलं, आता नाही तर कधीच नाही.

"हेमा, मला नायटा झालाय."

पलीकडं नुसती गाणी.

"कंबर, बगल, कोपराची लवण. भादव्यापासनं. वणवा पसरावा तसं वाढत गेलं. आता औषध चालू हाय, उतरतंय, पन डॉक्टर म्हनली अजून लागू शकतं दुसऱ्याला. तूच म्हनाली होतीस न्हवं, हात गेलं की सगळं गेलं? माझ्यामुळं तुझं हात..." त्यानं फोन दुसऱ्या कानाला लावला. "मला तुझा हात धरायचा होता गं. रोज धरायचा होता. म्हनून धरला न्हाई."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"म्हंजे... सॅक त्यासाठी व्हती?"

"व्हय."

"आनि अंगठी? मला वाटलं, ह्यो मानूस अंगठी घालतोय का इंचू उचलतोय."

वाल्मीकला हसावं की रडावं कळेना. त्यानं दोन्ही केलं.

"मी दोन म्हैनं रडतीय," ती म्हणाली, आणि आता तिचा आवाज चांगलाच तापला. "आरशापुढं हुबी ऱ्हाऊन माझ्यात काय कमी हाय ते बगतीय. दिवसाला धा जनींच्या मानंवर हात फिरवते मी. नायटा बगून मी पळून जाईन वाटलं तुमाला? मला सांगितलं असतं तर त्या कैलासची ट्यूब पयल्याच दिवशी नाल्यात टाकली असती."

"कैलासचं तुला कसं..."

"दुसरं कोन देनार?"

गाणी थांबली होती. कुणीतरी तिला हाका मारत होतं, ताट मांडलंय, ये म्हणून.

"आता काय करायचं?" वाल्मीकनं विचारलं. "ती वाटी लावून घे. चांगली हाय, कोरी हाय."

"कोरी हळद घेऊन मी काय करू? मला तुमची पायजे." मग ती विचार करून म्हणाली, "कपाळाला हाय का?"

"काय?"

"नायटा. कपाळाला हाय का तुमच्या?"

"न्हाई."

"आरशात बगून सांगा."

वाल्मीक गाडीच्या आरशापाशी गेला. हळदीनं पिवळं झालेलं, डोळ्यांतल्या पाण्यानं जागोजागी धुतलेलं एक येडं तोंड त्याला दिसलं. कपाळावर नायट्याचं कडं नव्हतं.

"न्हाई."

"मग हात साबनानं धुवा, तोंड धुवा, थोडी कोरी हळद नव्यानं कालवून कपाळाला लावा आनि तिथली पाठवा. बोटभर असली तरी चालंल. ती येस्तवर मी पाटावर बसत न्हाई."

हळद लागलेल्या नवरदेवानं वेस ओलांडायची नसते. म्हणून कुंकवाच्या चांदीच्या करंड्यात बोटभर हळद घेऊन कैलास निघाला. ट्यूबचं पाप फेडायला याहून चांगली संधी त्याला मिळाली नसती. भऱ्याला धोंडाआत्या मांडवात कंबरेवर हात ठेवून उभी होती. आणलेली हळद का चालत नाही, हे तिला कुणी सांगेना.

"आत्या, ह्यांनी कपाळाची हळद पाठवलीय," हेमलता म्हणाली. "त्यांची तशी विच्छा हाय."

"कपाळाची? हे काय नवीन फॅड?"

"आता काय सांगावं. त्या लवासाच्या फोटोवाल्यांकडनं शिकले असतील."

लवासाचं नाव निघालं की आत्याचा नाइलाज व्हायचा. तिनं सुस्कारा सोडला आणि करंडा उघडला. हेमलता पाटावर बसली, आणि त्या बोटभर हळदीतली पहिली रेघ तिनं स्वतः, आपल्या हातांना लावून घेतली.

लग्नात सात पावलं चालताना त्यानं तिची फक्त करंगळी धरली. तेवढी तिनं परवानगी दिली होती. संसार माल्याला सुरू झाला आणि तिच्या पेटीतून पहिली वस्तू निघाली ती म्हणजे पार्लरचे पातळ रबरी हातमोजे. त्याचे कपडे वेगळ्या हंड्यात उकळायचे, वेगळ्या दोरीवर वाळायचे. दोघांचे टॉवेल तिनं दोन रंगांचे आणले. संध्याकाळी त्याची अंघोळ झाली की ती ओसरीच्या आतल्या बाजूला त्याला खिडकीशी बसवायची, हातमोजे चढवायची आणि जिथं त्याचा स्वतःचा हात पोचत नव्हता तिथं मलम लावायची. रबरामधून तिच्या बोटांची ऊब त्याला कळायची. इतका जवळ आणि तरी एक पापुद्रा मध्ये.

"सुनबाई, हे हाताला काय घातलंय?" आत्यानं एकदा विचारलंच.

"मेहंदी जाऊ नये म्हनून, आत्या."

"आमच्या वेळेला मेहंदी आपसूक जायची आनि संसार ऱ्हायचा," आत्या म्हणाली आणि सुपारी कातरत बसली.

होळीच्या आधी डॉक्टरीणबाईंनी चष्मा वर करून नीट पाहिलं, बरेच दिवस काही नवीन उठलं नाही ना हे विचारलं आणि म्हणाल्या, झालं. वाल्मीक घरी आला तेव्हा हेमलता नेहमीसारखी हातमोजे घालून खिडकीशी बसली होती. त्यानं सांगितलं. तिनं एक हातमोजा काढला. मग दुसरा. वाल्मीकनं सवयीनं आपले हात पाठीमागं नेले.

"पुढं करा," ती म्हणाली.

त्यानं पुढं केले. ते थरथरत होते. तिनं आपले उघडे तळवे त्याच्या तळव्यांवर टेकवले, त्या वैशाखात वैष्णवीच्या पापणीवर टेकले होते तितक्याच हलक्यानं.

"हात हलवू नका," ती म्हणाली.

"मी कुटं हलवतोय," वाल्मीक म्हणाला.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. हेमलताचा गाळा त्या नव्या इमारतीत पहिल्या मजल्यावर गेला, दारावरची पाटी मात्र तीच आहे. मुलगी बालवाडीत जाते. परवा वैष्णवीचा धाकटा भाऊ शंभू, त्याची हळद होती. तोच मांडव, तोच पाट. आंब्याची पानं झाली, हातांनी माखून झालं आणि एक बाई ताटातली हळद वाटीत भरायला लागली, तशी धोंडाआत्या काठी टेकत पुढं आली.

"तसली न्हाई. कपाळाची घ्या. आमच्यात पिढ्यानपिढ्या कपाळाचीच हळद जाते."

वाल्मीकनं हेमलताकडं पाहिलं. तिनं पदर तोंडाशी नेला.

"असं का हो आत्या?" एका पाहुणीनं विचारलं. "आम्ही कुटं ऐकलं न्हाई."

आत्याला कारण ठाऊक नव्हतं. पण माघार घ्यायची तिची पद्धत नाही, म्हणून तिनं सुनेकडं पाहिलं. "सांग गं हेमा."

"नवऱ्याच्या डोक्यात काय चाललंय, ते नवरीला आधी कळावं म्हनून," हेमलता म्हणाली.

बायका हसल्या. शंभू मात्र हसला नाही. कपाळाची हळद करंड्यात भरली जात होती तोवर तो पाटावर अस्वस्थ बसून राहिला, आणि विधी संपताच त्यानं खिशातून फोन काढला आणि कुणाच्या नकळत गोठ्याकडं निघाला. गव्हाणीशी पोचल्यावर त्यानं फोन कानाला लावला. "ऐक ना," त्याचा आवाज आला, "तुला एक सांगायचं ऱ्हायलंय..."

गोठ्याच्या बाजूला मांडवाच्या कडेशी वाल्मीक ऐकत उभा राहिला. मांडवात उजेड लख्ख होता, चारचौघं बघत होती, आणि तरीही हेमलतानं हळदीनं माखलेला आपला हात सरळ त्याच्या हातात दिला.